विषय क्रमांक सात

इतिवृत्त मी लिहितो.
म्हणजे कोण काय बोललं ते नाही,
काय ठरलं, तेवढंच.
बाकीचं माझ्याकडे उरतं. ते हे.

जानेवारीतला दुसरा शनिवार, देवगड,
खिडकीतून मोहोराचा वास,
टेबलावर गार झालेली भजी.
विषय सात : फुटबॉल प्रशिक्षक श्री. बस्त्याव लुद्रिक
यांचा करार, मुदत संपण्याआधीच,
तीन वर्षांनी वाढवणे.
संघ सलग पाच सामने जिंकलेला.
पाच!
याआधी सलग पाच सामन्यांना
आमचे अकराच्या अकरा हजर होते,
असंही मला आठवत नाही.

प्राचार्य म्हणाले, त्यांना सावंतवाडीहून फोन येतायत.
कोणी ऐकलाय फोन? कोणीच नाही.
पण न ऐकलेला फोन
जास्त वेळ वाजतो.

भास्कर बापर्डेकर, सातशे कलमं, बोलणं कमी :
“मोहर बघान शिरगावची बाग घेतलंय मी, आगाव पैसे देवन.
झाडां नवरेसारखी नटलेली.
फेब्रुवारीत पाऊस पडलो.
हातात काय इला, ता इचारू नको.”

जगन्नाथ तारी, दोन ट्रॉलर, आवाज समुद्रावरचा :
“तांडेलाक नारळीपुनवेच्या आदी उचल देवची लागता.
नायतर तुझी होडी बंदरात
आणि तो दुसऱ्याच्या सुकाणार.”

दोघंही खरं बोलत होते.
दोघंही आपापल्या नुकसानीबद्दल बोलत होते.
खजिनदारांनी भजी पुढे सरकवली.

माझा करार अकरा महिन्यांचा.
चौदा वर्षं.
दरवर्षी मे अखेरीस एक दिवस
मी कोणीच नसतो.
त्या दिवशी केस कापून घेतो.
‘समाधानकारक सेवा विचारात घेता’,
ही ओळ मी इतक्यांसाठी टाइप केली
की बोटं बघत नाहीत.
मुदतीआधी मला कोणी विचारलं नाही.
मला सावंतवाडीहून फोन येत नाही.
असूया होती. नोंद घ्यावी.

मसुदा घेऊन मैदानावर गेलो.
मैदान म्हणजे सड्यावरचा कातळ,
वर चार ट्रक माती, तीही पावसाने अर्धी नेलेली.
सर गोलपोस्टपाशी उकिडवे,
खडे वेचत. रोज एक बादली,
पोरं यायच्या आत.
हात पुसले, चष्मा लावला,
कागद दोनदा वाचला.

“हरल्यावरचा काय लिवलंय ह्यात?”
काहीच नाही, मी म्हटलं.
“जूनात सात पोरगे जातले.
कोण बोटीर, कोण गोव्याक हॉटेलात.
माझो गोली बापाशीच्या होडयेर.
मगे आमी हरतलों. दोन वर्सां तरी.
ह्या सभेक म्हायत आसा?”

सभेला पाच माहीत आहेत, मी म्हटलं.

ते हसले नाहीत.
सही केली नाही, नाही असंही म्हणाले नाहीत.
वारा होता, म्हणून कागदावर एक खडा ठेवला,
बादलीतलाच,
आणि शिट्टी फुंकली.

सहावा सामना वैभववाडीशी. शून्य-शून्य.
आता सभेला कळेना
आनंद मानावा की सावध व्हावं.
बापर्डेकर नुसते मान हलवत होते,
तारींना बंदरातून बोलावणं आलं.
विषय सात : चर्चा झाली. पुढील सभेत घ्यावा.

रात्री सुधारित मसुदा टाइप केला.
कलम तीन, पगार. कलम पाच, रजा.
मध्ये चार नंबर रिकामा होता.
तिथे लिहिलं :
‘संघ जिंको वा हरो, वरील मुदत कायम राहील.’

हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
विचारलंच कोणी, तर म्हणेन टायपिंगची चूक.
चिडले, तर मे अखेरपर्यंत चिडतील.
तेव्हा तसाही एक दिवस
मी कोणीच नसतो.